कुलुपातले मीटर

‘तुम्हांला ते कळून करायचे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वैद्य पुडीत काय बांधले ते सांगत नसे, सावकार खतावणी उघडून दाखवीत नसे, आणि कचेरीतला कारकून आपल्याच अर्जावरचा शेरा आपल्याला वाचू देत नसे. तिघांच्याही तोंडी हाच प्रश्न असे. त्याच्याशी भांडून भांडून आपण पुष्कळ काही मिळविले. औषधाच्या वेष्टनावर घटक छापले जाऊ लागले, बँकेचे पासबुक हाती आले, आणि २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. तेव्हा हा प्रश्न आता हद्दपार झाला असे कोणी समजत असेल, तर त्याने आपल्या घरातल्या संगणकाकडे जरा पाहावे. प्रश्न तिथे जाऊन बसला आहे. नवलाची गोष्ट ही की, ज्या घरात त्याला थारा मिळेल असे स्वप्नातही वाटले नसते त्या घरात, म्हणजे लिनक्समध्ये, तो ऐसपैस मांडी घालून बसला आहे.

माझी तक्रार थोडक्यात अशी. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारी जी चिप असते, ती काम नसताना झोपते की नाही, झोपली तर किती वेळ, आणि झोपत नसेल तर का नाही, हे लिनक्सला ठाऊक असते. परंतु ही माहिती यंत्राच्या मालकाला सहज दिसेल अशा जागी ठेवलेली नसते. काही आकडे कुलुपात आहेत, काही कोनाड्यात आहेत, आणि जे उघड्यावर आहेत त्यांची भाषा ते लिहिणाऱ्यालाच काय ती कळते. माझे म्हणणे असे की, तो आकडा मालकाचा आहे आणि तो त्याला मिळाला पाहिजे.

चकली-चिवड्याबरोबर हा असला रुक्ष विषय कशाला, असे वाचक म्हणतील. त्याला माझे उत्तर असे की विषय रुक्ष असला तरी घरगुती आहे. आज घरात मुलांचा अभ्यास लॅपटॉपवर, हिशेब लॅपटॉपवर, परदेशातल्या लेकीशी बोलणे लॅपटॉपवर. त्या यंत्राची बॅटरी सहा तास चालते की साडेतीन, हा काही केवळ पंडितांनी खल करण्याचा प्रश्न नव्हे. मी स्वतः यंत्रज्ञ नाही. माझी हयात शाळेत भूगोल शिकविण्यात गेली. पण गेली पंधरा वर्षे मी लिनक्स वापरतो, आणि वापरणाऱ्याला जेवढे बोलण्याचा हक्क असतो तेवढेच बोलणार आहे.

२

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी चार शब्द. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकाचा कारभार पाहणारा एक गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्याला कर्नल म्हणतात. पुढच्याच वर्षी त्याने तो अशा परवान्याखाली आणला की, कोणीही तो घ्यावा, वाचावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. हाच लिनक्स. त्याचे सारे वैभव एका तत्त्वावर उभे आहे: यंत्रात काय चालले आहे ते पाहण्याचा हक्क यंत्राच्या मालकाला आहे.

या कर्नलमध्ये प्रत्येक यंत्रभागाला हाकणारा एक ड्रायव्हर असतो. ग्राफिक्स चिपचाही असतो. चिप काम करते तेव्हा वीज खाते हे उघड आहे. पण बसून राहिली तरी खाते. म्हणून तिला निजवण्याच्या नाना युक्त्या निघाल्या आहेत, आणि निजवण्याचे कामही ड्रायव्हरचेच.

इंटेलच्या चिपमध्ये ‘आरसी-सिक्स’ नावाची एक गाढ निद्रा आहे. चित्र काढण्याचे काम नसले की चिपच्या त्या भागाचा विद्युतदाब जवळजवळ शून्यावर आणतात. हे एका सेकंदात कित्येकदा घडते. आपण पडद्यावर वाचत बसलेलो असतो आणि दोन ओळींच्या मध्ये चिप डुलकी काढून उठलेली असते. दुसरी युक्ती ‘पीएसआर’. पडद्यावरचे चित्र साधारणपणे सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठवावे लागते. पण चित्र बदललेच नसेल तर पडदाच स्वतःजवळ त्याची प्रत ठेवतो आणि चिपला म्हणतो, ‘तू नीज, मी हेच दाखवीत राहतो.’ तिसरी ‘एफबीसी’, म्हणजे चित्र दाबून लहान करून ठेवायचे, की स्मृतीतून दर वेळी कमी वाचावे लागते. आणि चौथी, ज्या लॅपटॉपात दोन ग्राफिक्स चिप असतात, एक साध्या कामाची आणि एक खेळांसाठी वगैरे दांडगी, तिथे दांडगीचे काम नसेल तेव्हा तिची वीजच तोडायची.

या युक्त्या उत्तम आहेत आणि त्या लिनक्समध्ये आणणाऱ्यांच्या बुद्धीला आणि कष्टांना माझा नमस्कार आहे. प्रश्न एवढाच की, त्या आत्ता, या घटकेला, माझ्या यंत्रात चालू आहेत की नाहीत, हे मला कसे कळावे?

३

लिनक्समध्ये ही माहिती ठेवण्याच्या मुख्य जागा दोन. एकीला ‘सिस-एफएस’ म्हणतात. ही पुढच्या ओसरीसारखी आहे. इथे एका फाइलीत एकच आकडा असावा असा दंडक आहे, आणि इथे ठेवलेली वस्तू सहसा काढून घ्यायची नाही अशी परंपरा आहे. दुसरी ‘डीबग-एफएस’. ही मागची अडगळीची खोली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी तिथे वाटेल ते टांगावे, वाटेल तेव्हा काढावे. त्या खोलीला कुलूप असते आणि किल्ली ‘रूट’ नावाच्या सर्वाधिकाऱ्यापाशी.

आता कोणती वस्तू कुठे आहे ते पाहा. पीएसआर चालू आहे का, हे सांगणारी फाइल कुलुपाच्या खोलीत. एफबीसी चालू आहे का, आणि नसेल तर कोणत्या कारणाने अडले आहे, हे सांगणारी फाइल कुलुपाच्या खोलीत. दोन चिपांच्या लॅपटॉपांसाठी २०१० साली ‘व्हीजीए-स्विचरू’ नावाची सोय आली; दांडगी चिप जागी की बंद हे सांगणारी तिची फाइलही त्याच खोलीत. एएमडीच्या जुन्या ‘रेडिऑन’ ड्रायव्हरची गंमत तर सांगण्यासारखी आहे. चिपने जपून वीज वापरावी की सढळ हाताने, हे ठरविण्याची फाइल २०१० पासून ओसरीवर होती. पण चिप खरोखर किती वेगाने धावते आहे आणि किती दाबावर चालते आहे हे सांगणारी फाइल अडगळीत! म्हणजे बटण ओट्यावर आणि मीटर तळघरात. बटण दाबायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा.

कर्नलच्या कारभारात एक सोवळेही आहे. इंटेलच्या ड्रायव्हरच्या काही कळा अशा आहेत की, तुम्ही त्या स्वतः फिरवल्यात तर कर्नल आपल्या रोजनिशीत नोंद करतो, ‘धोक्याची कळ फिरवली, मी विटाळलो.’ एफबीसी आणि पीएसआर या दोहोंच्या कळा याच जातीच्या. विटाळ धरायला माझी हरकत नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाने आधी काय उद्योग केले हे दुरुस्ती करणाऱ्याला कळलेच पाहिजे. पण ज्याला शिवले म्हणून तुम्ही मला बाहेर बसविता, ते निदान दुरून पाहू तरी द्याल की नाही?

सारेच असे आहे असे मी म्हणणार नाही. २०१२ च्या सुमारास इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये एक लहानशी फाइल ओसरीवर आली. चिप एकूण किती मिलिसेकंद आरसी-सिक्समध्ये निजली एवढा एकच आकडा तिच्यात असतो. तो कोणालाही वाचता येतो. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा, वजाबाकी करा, दहा सेकंदांपैकी किती वेळ चिप निजली ते कळले. चौथीतल्या पोराला येईल असे हे गणित आहे. ती फाइल आल्याने आकाश कोसळले नाही. एएमडीच्या नव्या ड्रायव्हरनेही वेग, तापमान, वीज यांचे बरेच आकडे बाहेर मांडले. म्हणजे हे करता येते, आणि जिथे केले तिथे ते चांगले झाले. मग उरलेल्यांनी काय पाप केले आहे?

४

बचत डोळ्यांना दिसली नाही की काय होते, याचा दाखला लिनक्सच्या इतिहासातच आहे. २०११ च्या मार्चमध्ये कर्नलची २.६.३८ ही आवृत्ती आली. ती घेतल्यावर पुष्कळ लॅपटॉपांची बॅटरी लवकर उतरू लागली. कर्नलला त्याचे काहीच वाटले नाही. फोरोनिक्स या संकेतस्थळाचे मायकेल लाराबेल यांनी यंत्राला किती वीज लागते हे मोजले, कर्नलच्या एकामागून एक आवृत्त्या लावून पाहिल्या, आणि बिघाड कोणत्या बदलात आहे तिथपर्यंत माग काढला. दोष ग्राफिक्सचा नव्हता. यंत्रातले भाग एकमेकांशी ज्या वाहिनीवरून बोलतात तिच्या वीजबचतीचा होता. यंत्राच्या मूळ प्रणालीने आपल्या कागदावर ‘ही बचत इथे चालत नाही’ असे लिहिले होते, आणि कर्नलने त्या कागदावर विश्वास ठेवून चालू असलेली बचत बंद केली. नोव्हेंबर २०११ मध्ये मॅथ्यू गॅरेट यांनी दुरुस्ती मांडली.

मार्च ते नोव्हेंबर! एवढे महिने जगभरचे लॅपटॉप फुकटची वीज जाळीत होते. ज्या यंत्राला स्वतःची प्रत्येक हालचाल ठाऊक आहे, त्याची उधळपट्टी शोधायला बाहेरच्या माणसाला वीज मोजत बसावे लागले. ‘बचत बंद आहे’ एवढे तीन शब्द पडद्यावर कुठे दिसले असते, तर पहिल्याच आठवड्यात गावोगावच्या लोकांनी ओरड केली असती.

त्याच काळातली आरसी-सिक्सची कथा याहून बोधप्रद आहे. २०११ च्या आरंभी इंटेलची ‘सँडी ब्रिज’ पिढी आली. तिच्यातली ही निद्रा काही यंत्रांवर सुखाने चाले, काही यंत्रांवर चित्र बिघडवी किंवा यंत्रच गोठवी. म्हणून ती आपोआप चालू ठेवावी की नाही, याचा निर्णय मागेपुढे होत राहिला. शेवटी मे २०१२ मध्ये आलेल्या ३.४ या आवृत्तीत ती या पिढीसाठी आपोआप चालू झाली. मधल्या काळात लोकांनी काय केले? यंत्र सुरू होताना कर्नलला द्यायच्या ओळीत एक मंत्र घालायचा, असे कोणीतरी कोणाला सांगितले; त्याने तिसऱ्याला सांगितले. मंत्र घातला. बॅटरी जास्त चालली असे काहींना वाटले, काहींना नाही. काहींच्या यंत्रावर तो मंत्र निरर्थक होता, कारण त्यांची चिप त्या पिढीचीच नव्हती. तरी ते तो इमानाने घालीत राहिले.

मला इथे एक नेमके म्हणायचे आहे. अज्ञानातून अंधश्रद्धा येते हे आपण मोठ्या तोऱ्याने खेडुताला सांगतो. इथे तर शिकलेसवरलेले लोक होते. त्यांच्या हाती कळ दिली आणि डोळ्यांपुढून मीटर काढून घेतले, एवढे पुरले. ज्याला परिणाम दिसत नाही तो शहाणा असला तरी ताईतच बांधणार.

५

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्याकडे दोन चिपांचा एक जुना लॅपटॉप आहे. दांडग्या चिपचे मला काही काम नाही. मी नकाशे पाहतो, पत्रे लिहितो, नातवंडांचे फोटो लावतो. गेल्या वर्षी एकदा यंत्रातले कार्यक्रम अद्ययावत केल्यानंतर त्याची बॅटरी पाच-साडेपाच तासांवरून तीन तासांवर आली, आणि नुसता ठेवला तरी तळाशी गरम लागू लागला. दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने हातात तोलून पाहिला आणि निकाल दिला, ‘काका, बॅटरी गेली.’ त्याच्या निकालाला आव्हान देण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते, म्हणून निकाल राखून ठेवून लॅपटॉप घरी आणला. पुढच्या रविवारी भाचा आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने रूटचा पासवर्ड घालून ती अडगळीची खोली उघडली, एक ओळ वाचली आणि म्हणाला, ‘मामा, तुमची दुसरी चिप जागीच आहे. निजतच नाही ती.’

का निजत नाही? नव्या कार्यक्रमांबरोबर एक छोटा कार्यक्रम आला होता. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचे तापमान दाखविण्याचे त्याचे काम. तो दर दोन-तीन सेकंदांनी त्या चिपला विचारी, ‘किती तापलीस?’ आणि उत्तर द्यायला चिप दर वेळी उठे. पुन्हा निजायला तिला पाच सेकंदांची शांतता हवी. ती कधी मिळतच नव्हती. पाळण्यातले पोर निजले का हे पाहायला कोणी दर मिनिटाला त्याला हलवून विचारावे, त्यातला हा प्रकार. भाच्याने तो कार्यक्रम काढला. बॅटरी पूर्ववत चालू लागली.

बॅटरी वाचली म्हणून मी खूश झालो असे कोणाला वाटेल. मी संतापलो. कारण ‘दुसरी चिप जागी आहे’ हे वाक्य आठवडाभर माझ्याच टेबलावर, माझ्याच यंत्राच्या पोटात लिहिलेले पडले होते. ते वाचायला सर्वाधिकाऱ्याचा पासवर्ड आणि अभियांत्रिकीचे चौथे वर्ष लागावे? ज्या घरात असा भाचा नाही तिथे नवी बॅटरी घेतली जाते, जुनी कचऱ्यात जाते, आणि थोड्या दिवसांनी ‘हे लिनक्स काही खरे नाही’ असे म्हणून यंत्रच मोडीत निघते.

हिशेब करून पाहा. समजा बॅटरीत पन्नास वॅट-तासांची वीज मावते. यंत्र सरासरी आठ वॅट खात असेल तर ती सव्वासहा तास पुरेल. न निजणाऱ्या चिपने पाच वॅट जादा खाल्ले तर चार तासही पुरणार नाही. पाच वॅट म्हणजे काय, तर एक लहानसा एलईडीचा दिवा. पण हा दिवा कपाटात लावून कपाट बंद केलेले आहे.

६

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ते मी टाळणार नाही, कारण त्यातले काही खरोखर वजनदार आहे.

पहिला आक्षेप नेहमीचाच: वापरणाऱ्याला यातले काही समजत नाही. माझ्या आईला युनिट म्हणजे काय हे कधी समजले नाही. पण जिन्याखालच्या मीटरवरचा आकडा ती दर महिन्याला पाटीवर लिहून ठेवी, आणि एखाद्या महिन्यात तो फुगला की घरात चौकशी सुरू होई. समजणे ही नंतरची गोष्ट. कालचे आणि आजचे यांची तुलना करता आली की माणूस प्रश्न विचारू लागतो. ‘गेल्या तासात चिप अठ्ठावन्न मिनिटे निजली’ आणि ‘गेल्या तासात चिप एकदाही निजली नाही’ या दोन वाक्यांतला फरक कळायला कोणती पदवी लागते?

दुसरा आक्षेप: ज्याला हवे त्याने रूट व्हावे, घर त्याचेच आहे. पण यंत्र नेहमी एकट्याचे नसते. शाळेतल्या प्रयोगशाळेतले असते, कचेरीतले असते, भावंडांत मिळून एक असते. शिवाय एक आकडा वाचण्यासाठी सर्वाधिकार हाती घ्यायची सवय लावणे हेच मुळात घातक आहे. मीटर पाहायला आलेल्या माणसाच्या हाती आपण तिजोरीच्या किल्ल्या देत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे. ओसरीवर एकदा ठेवलेली फाइल सहजासहजी काढता येत नाही. वापरणाऱ्यांचे चालते कार्यक्रम कर्नलने मोडायचे नाहीत, हा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे आणि तो लिनक्सच्या हिताचा आहे. चिपा दर दोन वर्षांनी बदलतात. आज दिलेला आकडा उद्याच्या चिपमध्ये नसेलच. मग जन्मभराचे वचन कसे द्यावे, असे ड्रायव्हर लिहिणारा म्हणतो. त्याची भीती मला पटते. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. चिपच्या पोटातल्या प्रत्येक युक्तीचे नाव मला नको आहे. आरसी-सिक्स जाईल, दुसरे काही येईल. परंतु ‘निजली आहे का? किती वेळ निजली? कशाने अडली?’ हे तीन प्रश्न वीज खाणाऱ्या कोणत्याही चिपला कायम विचारता येतील. जे बदलणार ते अडगळीत राहू द्या. जे टिकणार त्याचे वचन द्या. आणि ते वचन इंटेल, एएमडी, एनव्हिडिया या सर्वांसाठी एकाच नावाने द्या. आज प्रत्येकाचा आकडा निराळ्या जागी, निराळ्या बोलीत. तीन दुकानांत तीन प्रकारचे शेर चालावेत तसे.

चौथा आक्षेप असा की, पाहायला गेले की चिप जागी होते. हे मी वर सांगितलेच. एनव्हिडियाची माहिती विचारण्याचे जे त्यांचे प्रसिद्ध साधन आहे, ते चालविले की निजलेली चिप उठते. पण हे मीटर वाईट जागी बसविल्याचे लक्षण आहे. चिपला कर्नलनेच निजविले. तेव्हा ती निजली आहे हे तिला न उठवता सांगणे कर्नलला सहज शक्य आहे, आणि तशी एक फाइल ओसरीवर आहेही. तिच्यात ‘जागी’ किंवा ‘निजलेली’ अशा अर्थाचा एकच शब्द असतो, आणि तो वाचल्याने कोणी उठत नाही. मग हीच रीत सर्वत्र का नसावी? तापमान विचारणाऱ्याला ‘ती निजली आहे, नंतर या’ असे उत्तर का मिळू नये?

पाचवा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्लॅटिपस’ नावाने एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात ग्राट्झच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक होते. इंटेलच्या प्रोसेसरने किती ऊर्जा खाल्ली हे सांगणारा एक आकडा लिनक्समध्ये कोणालाही वाचता येत असे. तो इतका बारीक आणि इतका ताजा होता की, त्याच्या चढउतारावरून यंत्रात चाललेल्या गुप्त लेखनाच्या किल्ल्या ओळखता येतात, हे त्यांनी करून दाखविले. त्यावर उपाय म्हणून तो आकडा रूटपुरता राखून ठेवण्यात आला. ज्यांनी कुलूप घातले त्यांनी त्या घडीला योग्यच केले.

पण कुलूप हा पहिला उपाय असतो, शेवटचा नव्हे. एका खिडकीतून चोर शिरला म्हणून साऱ्या चाळीच्या खिडक्या चिणून टाकीत नाहीत; गज बसवितात. हजारांश सेकंदाला बदलणारा ऊर्जेचा आकडा निराळा, आणि ‘गेल्या मिनिटात चिप निम्मा वेळ निजली’ हे सांगणारा मोघम आकडा निराळा. दुसऱ्यात चोराच्या उपयोगाचे फारसे काही उरत नाही, आणि मालकाला त्याहून जास्त नकोच आहे. आकडा सेकंदांवर आणून द्या, मिनिटाला एकदा बदला. तेवढे करण्याचे कष्ट नकोत म्हणून सुरक्षिततेचे नाव पुढे करायचे, हे मला मान्य नाही.

७

तेव्हा माझी मागणी अशी. एक, वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ग्राफिक्स ड्रायव्हरने ओसरीवर, रूटच्या किल्लीशिवाय वाचता येतील अशी ठेवावीत. दोन, ती चिपला न उठवता मिळावीत आणि चोराच्या कामाची नसावीत. तीन, आणि ही मागणी कर्नलवाल्यांकडे नसून आपल्यापुढचा पडदा सजविणाऱ्यांकडे आहे: ती उत्तरे बॅटरीच्या खुणेजवळ साध्या वाक्यांत दाखवावीत. चिपने किती काम केले याचे रंगीत आलेख माझ्या पाहण्यात पुष्कळ आले. तिने विश्रांती किती घेतली हे साध्या शब्दांत सांगणारे एकही आले नाही. आणि ती वाक्ये मराठीतही असावीत. ‘दुसरी चिप अर्धा तास विनाकारण जागी आहे’ हे वाक्य भाषांतराला काही अवघड नाही.

ही मागणी कोणा परक्यापुढे नाही. पुण्याबंगळुरात बसून चिपांवर आणि ड्रायव्हरांवर काम करणारी किती तरी मुले-मुली आपल्याच घरची आहेत. त्यांतली काही दिवाळीला घरी येतील. त्यांना फराळ वाढा, नोकरी कशी चालली आहे ते विचारा, आणि मग हाही प्रश्न विचारा: ‘अरे, आपला लॅपटॉप निजतो का, ते आम्हांला दिसेल असे कराल का?’ त्यांच्या हातात ते आहे. लिनक्समध्ये कोणाच्याही सहीशिकक्याची वाट न पाहता दुरुस्ती लिहून मांडता येते. ती स्वीकारणे न स्वीकारणे पंचांकडे, पण मांडण्याला आडकाठी नाही.

लिनक्सची माझ्यासारख्याला ओढ वाटली ती त्याच्या उघड्या दारामुळे. कारखान्यात शिरावे, प्रत्येक यंत्र खोलून पाहावे, पटले नाही तर बदलावे, असे तिथे कोणीही करू शकतो. त्या कारखान्याच्या मालकांना मी एवढेच विचारतो की, दाराला अडसर नाही, भिंतीला पडदा नाही, मग मीटरलाच कुलूप का? ड्रायव्हरचे सारे लेखन वाचण्याची मला मोकळीक आहे, पण ते वाचायला मला उरलेला जन्म पुरणार नाही. मला त्यातली एकच ओळ हवी आहे, आणि ती रोज लिहिली जाते. ती बाहेर टांगा.